मिस ओझेलाचा छापील सूर्यास्त

…तर क्लीओफस डेंटनं ते कागद छापले आणि गुरुवारी सकाळी गठ्ठेच्या गठ्ठे गावात वाटून तो मोकळा झाला. एक गठ्ठा पार्लरमध्ये, एक पेट्रोल पंपावर, एक चर्चच्या दाराशी. पहिल्या पानावर ओझेला टार्पलीचा निळ्या टोपीतला फोटो. फोटोखाली डाव्या हाताला ‘सूर्योदय’ आणि एक तारीख, उजव्या हाताला ‘सूर्यास्त’ आणि एक तारीख. आमच्याकडे फोटोखाली हे दोन शब्द आले की शेंबड्या पोरालाही कळतं, माणूस गेलं. आणि त्याच घटकेला ओझेला स्वतःच्या स्वयंपाकघरात, टेबलाशी, कानावर पेन्सिल ठेवून धडधाकट बसली होती. पेन्सिल मात्र कानावरून खाली उतरायला तयार नव्हती.

क्लीओफसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बेथेल कॉर्नर या आमच्या काळ्या माणसांच्या गावात कुणी गेलं की मयताची सगळी व्यवस्था डेंटांच्या घरातून होते, आणि दफनाच्या दिवशी वाटायचा कागद क्लीओफस छापतो. चाळीस वर्षं तो एकच साचा वापरत आलाय. फोटो बदलायचा, नाव बदलायचं, तारखा बदलायच्या. आत काय लिहिलंय ते तो कधीही वाचत नाही. म्हणतो, वाचलं की मला रडू येतं आणि शाई ओली होते. तेव्हा त्याच्या हाती एक फोटो, एक जन्मतारीख आणि एक ‘कार्यक्रमाची तारीख’ पडल्यावर त्यानं जे चाळीस वर्षं केलं तेच केलं. कार्यक्रम होता ओझेलाच्या सत्काराचा, येत्या रविवारी. म्हणजे गंमत बघा, बाईचा सूर्यास्त छापला गेला तोही तीन दिवस आधी.

पण आधी ओझेलाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ओझेलानं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. चारशे पोरांची कोंबडी तळायची, चारशे पोरांची चवळी निवडायची, घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडायचे आणि टेबलावर वही उघडायची. अशा रीतीनं तिनं दोन पुस्तकं लिहिली. खुरपणी करणाऱ्या बायकांची एक कादंबरी, आणि एक गोष्टींचं. दोन्ही छापली गेली, चार ठिकाणी कौतुक झालं, आणि दोन्ही आता कुठं मिळत नाहीत. गावातली निम्मी माणसं तिला ‘लेखिका मिस ओझेला’ म्हणतात आणि निम्मी ‘कोंबडीवाली मिस ओझेला’. दोन्ही आदरानंच.

लिहिण्याचं हे खूळ डोक्यात कसं शिरलं, तर त्याचीही एक हकीकत आहे. तिच्या लहानपणी आमच्या शाळेत पुस्तकं यायची ती गोऱ्यांच्या शाळेनं वापरून टाकलेली. आत दुसऱ्याच पोरांची नावं, पानं फाटलेली, चित्रांना मिशा काढलेल्या. ओझेला आठवीत असताना बाईंनी आपल्या पिशवीतून खाकी कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक काढून तिला दिलं आणि घरी जाऊनच उघड म्हणाल्या. मागच्या पुठ्ठ्यावर लिहिणारीचा फोटो होता. काळी बाई, समोरच्या दोन दातांत फट, अगदी ओझेलाच्या मावशीसारखी. ओझेलानं तो फोटो आधी दोन दिवस पाहिला आणि पुस्तक तिसऱ्या दिवशी वाचायला घेतलं. आपल्यातलं माणूस पुस्तक लिहू शकतं हे तिला त्या दातांच्या फटीनं सांगितलं, असं ती नंतर म्हणायची.

त्या एका पुस्तकाचं देणं फेडावं तसं तिनं पुढं शनिवारचं मंडळ काढलं. चर्चच्या मागच्या जेवणघरात, सकाळी दहाला. बुटांच्या खोक्यांत आपल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं भरून आणायची, आणि ज्याला जे मानवेल ते वाचायला द्यायची. न्हावी यायचा, नर्स यायच्या, चर्चचा एक डीकन, म्हणजे सेवेकरी, यायचा, मासे कापायच्या कारखान्यातल्या बाया यायच्या. नव्या माणसाला पहिला धडा ठरलेला, एक मृत्युलेख लिहायचा. आमच्या चर्चमध्ये तो लेख कुणी मोठ्यानं वाचत नाही. ऑर्गन हळू वाजत राहतो आणि सगळे जण कागद हातात धरून मनात वाचतात. ओझेला सांगायची की तुमचा आवाज तिथं मदतीला नसणार, हातवारे नसणार, रडणं नसणार. वाक्याला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागेल. लिहून झालं की तिचे तीन प्रश्न यायचे. कोण गेलं? मागं कोण उरलं? आणि मातीहून आल्यावर जेवायला काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला नवी माणसं हसायची. ती म्हणायची, हसू नका, जेवणात सगळं येतं. कुणी काय आणलं, कुणी काय आणलं नाही, कुणाचं ताट तसंच राहिलं.

सत्तावीस वर्षं हे चाललं. त्यातला टेरेल ऑगल्सबी नावाचा एक जण अटलांटाला कॉलेजात शिकवतो, दोन मोठी बक्षिसं मिळवून बसलाय. तो सगळीकडं सांगतो की वाक्य कसं लिहावं ते मी एका शाळेच्या स्वयंपाकिणीकडून शिकलो. ऐकायला छान वाटतं. पण सत्तावीस वर्षांत तिच्याकडं पानं घेऊन आलेल्यांपैकी एकानंही, अगदी टेरेलनंसुद्धा, कधी विचारलं नाही की मिस ओझेला, तुम्ही सध्या काय लिहिताय. लोक यायचे, पानं पुढं करायचे आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत राहायचे. ती वाचायची. घरी न्यायची, तिथंही वाचायची. मग स्वतःची वही उघडायची वेळ यायची तोवर अक्षरं पोहायला लागलेली असायची.

या वसंतात डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. कडेचं दिसणं गेलंच होतं, मधलं किती टिकेल याची ते हमी देईनात. ओझेलाचं तिसरं पुस्तक सात वर्षं अडून होतं, शेवटच्या प्रकरणातल्या एका तुकड्यासाठी. डोळे आहेत तोवर ते पुरं व्हायला हवं होतं. तिनं मंडळ बंद केलं. कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाली, थकले. फोन उचलणं सोडलं. रविवारी चर्चला जाणंही सोडलं. आणि सहा शनिवार त्या टेबलाशी बसून एक ओळ लिहिली नाही.

ओळ का येत नव्हती ते तिला पक्कं ठाऊक होतं. पुस्तक तिच्या मोठ्या भावाचं, रूफसचं होतं. त्रेसष्ट साली रूफस आमच्या माणसांना गाडीत घालून मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात नेत असे. उन्हाळ्यात तो पुलाखाली गाडीसकट सापडला. अपघात म्हणून नोंद झाली. सगळी जमीन ज्याची, त्या गोऱ्या मळेवाल्यानं एवढंच पसरवलं की टार्पलींच्या घरात जो पाय ठेवील त्यानं सोमवारी कामावर येऊ नये. मातीला पाच-सहा माणसं होती. ओझेलाच्या आईनं चर्चमधून बावीस ताटं मागून आणली होती, टेबलाला टेबल लावून ठेवलं होतं, कोलार्डची पालेभाजी आणि मक्याची भाकर करून ठेवली होती. जेवायला कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत आई दाराकडं तोंड करून बसली होती.

ती दुपार लिहायची होती. आणि त्या दुपारी जे आले नाहीत, त्यांच्यातले जे जगलेत ते आता चर्चमध्ये ओझेलाच्या शेजारच्या बाकावर बसतात, तिच्या आजारपणात सूप आणतात. त्यांना कागदावर कसं आणायचं? आणि त्यांना वगळलं तर मग लिहायचं तरी काय?

इकडं मंडळाच्या लोकांना वाटलं, बाई रुसल्या. आपण कधी धड आभारसुद्धा मानले नाहीत. आमच्याकडं पाळकाचा सत्काराचा रविवार करतात, तसा मिस ओझेलांचा करायचा, आणि त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलं. पुढाकार वर्नेल गेटवूडचा. ही मासे कापायच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असते. मंडळात सगळ्यात कमी बोलणारी, आणि स्पेलिंगची दुष्मन. सगळ्यांनी मिळून ओझेलाचं चरित्र लिहिलं, वर्नेलनं फोटो आणि तारखा क्लीओफसच्या हातात ठेवल्या आणि ती पळत पाळीला गेली. नमुना बघायला परत यायला तिला सवड झाली नाही.

शुक्रवारी दुपारी दारावर पहिली थाप पडली.

ओझेलानं दार उघडलं, तर सिस्टर इडेला स्ट्रिकलँड; चर्चमधल्या बाईला आम्ही सिस्टर म्हणतो. सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी, काळी टोपी, काळे हातमोजे, हातात फॉइलनं झाकलेला पाउंड केक. केकच्या भांड्याच्या बुडाशी, आमच्याकडं सगळ्या बाया करतात तशी, चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं. भांडं घरी परत यायला नको का. इडेलानं ओझेलाकडं पाहिलं, मग ओझेलाच्या मागं घरात पाहिलं, जणू खरी ओझेला आत कुठंतरी निजवलेली असेल.

“तू उठून कशाला आलीस?” ती म्हणाली.

“दार वाजलं म्हणून, सिस्टर इडेला.”

“डॉक्टरांनी रविवारची तारीख दिलीय ना? मग निजून राहावं.”

त्यानंतर जे सुरू झालं ते तासाभरात आवरण्यापलीकडं गेलं. ज्यांनी कागदावरची तारीख पाहिली नव्हती ते रडत आले आणि ओझेलाला बघून दारातच खाली बसले. ज्यांनी तारीख पाहिली होती ते म्हणाले की सूर्यास्त रविवारचा आहे, आम्ही भांडी आधीच देऊन जातो. सहा आठवडे बाई कुणाला दिसली नव्हती, फोन उचलत नव्हती, तेव्हा कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तळलेली कोंबडी आली, मॅकरोनी आली, रताळं भरलेली गोड ‘पाय’ आली, दोन पातेली कोलार्ड आलं. डीकन जेनिंग्ज तर मातीच्या वेळच्या प्रार्थनेला सुरुवात करून चुकले होते. त्यांना मधे थांबवलं तर म्हणाले, सुरू केलीय तर पुरी करू द्या, प्रार्थना वाया जात नाही.

ओझेलानं कुणाला हाकललं नाही. हाकलण्याएवढी ताकदच नव्हती. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली, कुणीतरी तिच्या पुढ्यात तिचंच छापील चरित्र ठेवलं, आणि सवयीनं कानावरची पेन्सिल उतरली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. तिनं कागद नाकाशी धरला. ‘प्रेमळ’ खोडलं. ‘दयाळू’ खोडलं. ‘सर्वांची लाडकी’च्या समोर बारीक अक्षरात लिहिलं, कुणी सांगितलं?

एका वाक्यावर मात्र ती अडखळली. पुन्हा वाचलं. ‘चवळी निवडावी तशी ती आमची वाक्यं निवडायची, आणि किडका दाणा कुणाच्या ताटातला होता ते कधी मोठ्यानं सांगायची नाही.’

तेवढ्यात वर्नेल आली. पाळी सुटल्या सुटल्या आलेली, रबरी बूट तसेच, अंगाला माशांचा वास. तिनं दारातूनच माफी मागायला सुरुवात केली. क्लीओफसला मी मारून टाकते, रविवारचं सगळं मुसळ केरात गेलं, मिस ओझेला मला क्षमा करा. एका बाईनं तिला सुनावलं की आधी बूट काढ, मग क्षमा माग. वर्नेलनं बूट काढले.

“चवळीचं कुणी लिहिलं?” ओझेलानं विचारलं.

“मी. खोडा हवं तर.”

“नाही खोडत.”

वर्नेल मोज्यांवर उभी राहिली. टेबलावर वही उघडी होती, कोरं पान वर. तिनं ते पाहिलं, आणि सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“तुम्ही काय लिहीत होतात एवढे दिवस?”

इतर वेळी ओझेलानं विषय बदलला असता. पण माणूस फार दमलं की लपवालपवीलाही अंगात बळ राहत नाही. तिनं ओट्याखालचा खण उघडला, दोरीनं बांधलेली पानं काढली आणि वर्नेलपुढं सरकवली. शेवटची आठ पानं वाच म्हणाली. मोठ्यानं. माझे डोळे आज पोहतायत.

वर्नेलनं वाचलं. अडखळत, एक-दोन शब्द चुकवत. रूफसची गाडी पुलाखाली, आईचा काळा झगा, खड्ड्याशी उभी असलेली पाच-सहा माणसं, डोक्यावर ऊन. मग एक कोरी ओळ, आणि त्यापुढं थेट पुढचा वसंत, पेरणी. संपलं. खोलीत चार-पाच म्हाताऱ्या होत्या, त्यांना रूफस आठवत होता.

वर्नेलनं पानं खाली ठेवली. मग मंडळात तीन प्रश्न मोजायचे तसा तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा धरला.

“कोण गेलं ते कळलं,” ती म्हणाली. “मागं कोण उरलं तेही कळलं. पण मिस ओझेला, मातीहून आल्यावर जेवायला काय होतं?”

ओझेलानं मान वर करून कुणाकडंही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते बोट दाखवल्यासारखं झालं असतं.

सिस्टर इडेला खिडकीजवळ बसली होती. मांडीवर तो केक, अजून फॉइल न काढलेला. तिनं हातमोजे काढले, एकात एक घातले.

“भाजी होती,” ती म्हणाली. “भाजी आणि भाकर. मी पाहिली नाही, वास आला होता. मी पलीकडच्याच घरात होते, खिडकी लावून.” तिनं मांडीवरचं भांडं सरळ केलं. “दुसऱ्या दिवशी तुझी आई ताटं घेऊन चर्चच्या स्वयंपाकघरात आली. सगळी धुवून आणली होती. मीच घेतली तिच्या हातून. म्हटलं, झालं का नीट जेवण? म्हणाली, छान झालं, सगळे आले होते. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. कोरी ताटं धुतली होती तिनं.”

डीकन जेनिंग्जनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते त्या साली बावीस वर्षांचे होते आणि ट्रॅक्टर चालवत होते.

हे ताटं धुतल्याचं ओझेलाला माहीत नव्हतं. एकोणपन्नास वर्षं तिला वाटत होतं की आईनं ती ताटं तशीच नेऊन दिली असतील. तिनं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत उचलला. रडली वगैरे नाही. बराच वेळ चष्म्याची काच अ‍ॅप्रनच्या टोकानं पुसत राहिली, पुसून काही उपयोग नव्हता तरी.

इडेला उठली. गुडघे धरत आली आणि केक टेबलावर, वहीच्या शेजारी ठेवला.

“लिही ते,” ती म्हणाली. “माझं नाव घालून लिही. मी मेल्यावर क्लीओफस माझा कागद छापेल, त्यात कुणी हे घालणार नाही.”

सगळे ओझेलाकडं बघत होते. तिनं वर्नेलला समोरची खुर्ची दाखवली, टेबलावरची आपली पेन्सिल उचलून तिच्या हातात दिली, आणि मगच इडेलाला उत्तर दिलं.

“तुमचं नाव नाही घालणार, सिस्टर इडेला, ते तुमच्या भांड्याच्या बुडाला आहेच. मी ताटं घालते आणि हा केक घालते, एकोणपन्नास वर्षं उशिरा आला एवढंच लिहीन. वर्नेल, मी सांगते, तू उतरव, स्पेलिंगचं मागाहून बघू. आणि बाकीच्यांनी वाढून घ्या आता, पण खाताना बोलू नका, मी फार दमलेय आणि मला ऐकू यायला हवं मी काय म्हणतेय ते.”